दोन नामांच्या मधली जागा

माझं घर भाषांतरावर चालतं. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेलं माहितीपत्रक, ऑपरेशनआधी सही घेतात तो संमतीचा कागद, दवाखान्यातून घरी सोडताना हातात देतात त्या सूचना, असलं इंग्रजी मी मराठीत आणते. या कामावर कुणाचं नाव छापून येत नाही, मात्र वाक्य फिरलं तर त्याचा परिणाम कुणाच्या तरी अंगावर उमटतो. हे काम मला करता येतं ते खटाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंमुळे. त्यांनी दिलेल्या अनेक गोष्टींपैकी एकच इथे सांगायची आहे, कारण तिच्याशी माझा रोज संबंध येतो. इंग्रजी वाक्यात दोन नामं मध्ये काहीही न येता शेजारी शेजारी उभी राहिली, की तिथे थांबायचं, हे त्यांनी शिकवलं.

तेव्हा सरकारी अभ्यासक्रमात इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. आम्ही नववीत पोचेपर्यंत एबीसीडी, काळ आणि पाठ केलेले निबंध एवढीच आमची शिदोरी होती. बाईंच्या टेबलावर रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाची, पुठ्ठा सुटलेली प्रत असायची. त्यातले रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले साहेब, पुढे कादंबरीकार म्हणून गाजले. संबंधी सर्वनाम कर्माच्या जागी असेल तर ते बहुधा गाळतात, असा नियम त्या पुस्तकात आहे. तो आम्ही पाठ केला होता आणि त्याचा आम्हाला काडीचा उपयोग नव्हता. गाळलेली वस्तू शोधायची कशी, हे नियम सांगत नाही.

एका दुपारी बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘द वेल द फार्मर डग ड्राइड अप.’ आमच्या भागात 1972चा दुष्काळ घराघरात सांगितला जायचा, त्यामुळे विहीर, शेतकरी, खणणं, आटणं हे सगळे शब्द ओळखीचे. वाक्य मात्र लागेना. एकीनं ‘विहीर आणि शेतकरी’ असं केलं, एकानं ‘शेतकऱ्याची विहीर’ म्हटलं. बाईंनी कुणालाच खोडलं नाही. मला उभं केलं आणि विचारलं, “तुझी आजी ही हकिकत कशी सांगेल?”

मी म्हटलं, “आण्णांनी खणली ती विहीर आटली.”

“यात ‘जी’ कुठंय गं?”

वर्ग गप्प झाला. ‘जी विहीर आण्णांनी खणली ती विहीर आटली’ हे पुस्तकातलं मराठी. घरात ‘जी’ कुणी उच्चारत नाही. ‘आई वापरते ती कढई’, ‘आपण राहतो ते घर’, ‘काल आला होता तो पाहुणा’ असंच आपण बोलतो. ‘जो’ निघून जातो, ‘तो’ मागे राहतो, आणि कुणाचं काही अडत नाही. बाई म्हणाल्या, “इंग्रज पण घरी असंच बोलतो. फक्त तो ‘तो’सुद्धा ठेवत नाही.” मग त्यांनी लाल खडूनं ‘वेल’ आणि ‘द फार्मर’ यांच्या मध्ये एक कंस काढला आणि त्यात बारीक अक्षरात ‘व्हिच’ लिहिलं. दोन क्रियापदांखाली रेघा मारल्या. पहिलं क्रियापद दुसऱ्या नामाचं: खणलं शेतकऱ्यानं. दुसरं क्रियापद पहिल्या नामाचं: आटली विहीर.

मला आजही हे वर्गात शिकवलेल्या व्याकरणातलं सर्वांत मोलाचं वाटतं, कारण त्यात इंग्रजीची भीती घालवण्याची ताकद होती. जी भाषा साहेबाची म्हणून आम्ही लांबून पाहत होतो, तिची एक खोड आमच्या आजीच्या बोलण्यात निघाली. खटावच्या मुलीला त्या वयात याहून मोठा आधार दुसरा कुठला मिळणार होता?

पुढच्या काही दिवसांत बाईंनी हीच गोष्ट उलटसुलट करून दाखवली. ‘द वेल आय डग’ हे कुणालाही चटकन कळतं, कारण ‘आय’ हे रूपच कर्त्याचं आहे. ही, शी, वी, दे यांचंही तसंच. ती दिसली की नवं उपवाक्य सुरू झाल्याची वर्दी आपोआप मिळते. नामाला मात्र इंग्रजीत असली खूण उरलेली नाही. ‘फार्मर’ कर्ता असो की कर्म, रूप तेच. आपण ‘शेतकऱ्यानं खणलेली विहीर’ म्हणतो तेव्हा ‘नं’ उभा राहून सांगतो की करणारा कोण. इंग्रजीत ते काम जागा करते. म्हणून नामाला नाम भिडलं, मध्ये ‘अँड’ नाही, स्वल्पविराम नाही, तर तिथे दार आहे असं समजायचं. स्वल्पविराम देऊन जोडलेल्या माहितीत सर्वनाम गाळता येत नाही, आणि ते कर्त्याच्या जागी असेल तरीही नाही. ‘द फार्मर डग द वेल डाइड’ असं म्हटलं की ऐकणारा ‘शेतकऱ्यानं विहीर खणली’ इथेच वाक्य संपवून मोकळा होतो आणि शेवटचं ‘डाइड’ अनाथ होतं. तिथे ‘हू’ लागतोच. आपण तिथे ‘विहीर खणणारा शेतकरी’ म्हणून सुटतो.

बाई शाळा सुटल्यावर थांबायच्या. शिकवणीचे पैसे घेतले नाहीत, घ्यायचा विषयही कधी निघाला नाही. वाण्याकडून सामानाला गुंडाळून आलेले इंग्रजी वर्तमानपत्राचे कागद त्या सरळ करून जपून ठेवत आणि आमच्यापुढे टाकत. बातमी कसलीही असो, बाजारभावाची नाहीतर क्रिकेटची, आम्ही त्यात भिडलेली नामं शोधायची आणि पेन्सिलीनं कंस काढायचे. तेलाचा डाग पडलेल्या कागदावर कंस नीट उमटायचा नाही, मग बाई स्वतःचं फाउंटन पेन द्यायच्या. एसटी चुकेल म्हणून त्यांची घाई असली पाहिजे. ती त्यांनी आम्हाला कधी दिसू दिली नाही. त्या वर्गातल्या माझ्यासारख्या मुलींचं लग्न दहावीनंतर ठरायचं. माझ्या घरी येऊन, वडिलांशी बोलून, मला साताऱ्याला कॉलेजात घालायला लावलं ते बाईंनीच. वडील त्यांना “बाई, तुम्ही म्हणता तर” एवढंच म्हणाले होते.

कॉलेजच्या ग्रंथालयात मला ऑटो येस्पर्सन भेटले. कोपनहेगनला इंग्रजीचे प्राध्यापक असलेला हा डेन्मार्कचा माणूस (1860–1943) इंग्रजीच्या व्याकरणावर सात खंडांचा ग्रंथ लिहून गेला. नामाला नाम भिडवणाऱ्या या रचनेला त्यानं एक नाव दिलं. मराठीत त्याला स्पर्श-उपवाक्य म्हणता येईल. त्याचं म्हणणं असं की इथे काही गाळलेलंच नाही. दोन भाग एकमेकांना थेट चिकटलेले आहेत आणि तो चिकटपणाच त्यांचं नातं सांगतो. अठराव्या शतकातले कोशकार डॉ. जॉन्सन यांना ही सवय गावंढळ वाटायची. येस्पर्सनना ती भाषेच्या जुन्या, जिवंत बोलीचा भाग वाटली. 1905च्या आपल्या पुस्तकात त्यांनी हेही दाखवलं की इंग्रज जिथे सर्वनाम सोडतो तिथे डॅनिश माणूसही ते जवळपास नेहमी सोडू शकतो. स्वतःच्या घरच्या भाषेतून दुसऱ्याच्या भाषेकडे पाहणारा हा विद्वान वाचताना मला आमचा नववीचा वर्ग आठवला. बाईंनी येस्पर्सन वाचले नव्हते. रस्ता मात्र तोच धरला होता.

एक गोष्ट मी कामात पडल्यावर माझी मी शिकले, आणि तीही त्याच विहिरीवर. इंग्रजीत सावकाराला आत घालून पाहा: ‘द वेल द फार्मर द मनीलेंडर रुइन्ड डग ड्राइड अप.’ व्याकरणात बसतं, पण डोकं हात टेकतं. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की आणि मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1963मध्ये अशाच वाक्यांवरून लिहिलं की भाषेचा नियम पुढे जाऊ देतो तिथे माणसाची स्मरणशक्ती थांबते. आता मराठी घ्या: ‘सावकारानं बुडवलेल्या शेतकऱ्यानं खणलेली विहीर आटली.’ एका श्वासात म्हणता येतं. आपण एक माणूस पूर्ण सांगून मगच पुढच्याकडे जातो. इंग्रजी तिघांनाही उभं करून ठेवते आणि क्रियापदं नंतर वाटते. माझ्या सगळ्या धंद्याचं मर्म या फरकात आहे असं मला वाटतं.

दवाखान्याच्या कागदात हे जपावं लागतं. नमुन्यादाखल एक वाक्य: ‘द टॅब्लेट्स द नर्स गेव्ह द पेशंट मेड हिम ड्राउझी.’ घाईत वाचणारा ‘नर्सनं पेशंटला दिल्या’पर्यंत बरोबर येतो आणि पुढे अडखळतो, किंवा ‘दिल्या’पाशीच थांबून पेशंटनंच कुणाला तरी गुंगी आणली असं धरून बसतो. मी कंस काढते, दोन रेघा मारते. पहिलं क्रियापद नर्सचं, दुसरं गोळ्यांचं. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी 1980च्या दशकात युरोपात जी साधी, नियमबद्ध इंग्रजी तयार झाली, तिच्यात वाक्य आखूड करण्यासाठी शब्द गाळू नयेत असं सांगितलेलं आहे. औषधांच्या कागदांनाही हीच शिस्त लागावी, असं मला मनापासून वाटतं. वाचणारा आजारी असतो, घाबरलेला असतो, आणि त्याच्या शेजारी बाई नसतात.

बाई आता साताऱ्याला मुलाकडे असतात. डोळ्यांनी नीट दिसत नाही म्हणून मी फोनवर वाचून दाखवते. येस्पर्सनचं म्हणणं मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “त्यांचं खरं असेल. पण नववीच्या पोराला कंस लागतो. त्याला आधी दाखवावं लागतं की इथं जागा आहे.” मग म्हणाल्या, “ते गोळ्यांचं वाच.” मी माझं मराठी वाचलं, ‘परिचारिकेने रुग्णास दिलेल्या गोळ्यांमुळे त्यास गुंगी आली.’

“रुग्णास काढ. त्यास काढ. नर्सनं दिलेल्या गोळ्यांनी पेशंटला गुंगी आली. कागद कुणाच्या हातात जाणार आहे, त्याच्या घरी कसं बोलतात ते बघ.”

मी तसंच केलं. आता पुढचा गठ्ठा मधुमेहाच्या इन्सुलिनचा आहे, आणि त्यातली अवघड वाक्यं मी रविवारच्या फोनसाठी वेगळी काढून ठेवली आहेत.