पद्मिनीला इंजेक्शन बसवताना

पौड, ता. मुळशी, जि. पुणे

प्रिय मिलिंद,



तुझं पत्र मिळालं. पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन तू नव्याने बांधून घेतलंस, कार्बोरेटर उतरवून चार इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी आणि प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू बसवलास, सायलेन्सरच्या आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही घातलास. आता तुझा विचार असा की ईसीयूत दोन नकाशे, म्हणजे कुठल्या आरपीएमला आणि भाराला किती पेट्रोल द्यायचं याचे तक्ते, भरून ठेवावेत. एक पीयूसीच्या दिवसासाठी, स्वच्छ धुराचा. दुसरा पिरंगुट आणि ताम्हिणीचे घाट चढायला, ताकदीचा. डॅशबोर्डवर एक बटण, की काम झालं. मला हा विचार मुळातच चुकीचा वाटतो. स्वच्छता हवी तर ताकद सोडावी लागते आणि ताकद हवी तर धूर सोसावा लागतो, हे तू गृहीत धरलं आहेस. ईसीयूच्या नकाशात शेकडो घरं असतात. त्यांतल्या अगदी थोड्या, कोपऱ्यातल्या घरांत हा झगडा खरा आहे. बाकी सगळीकडे स्वच्छ जळणं आणि नीट ओढणं एकाच आकड्यातून येतं. तेव्हा नकाशा एकच कर, आणि तो चांगला कर.

आधी आकडे पाहू. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. नेमकी तेवढी हवा असेल तेव्हा लॅम्ब्डा 1. हवा कमी पडली की आकडा खाली येतो, मिश्रण रिच होतं. जास्त झाली की लीन. सर्वाधिक ताकद 0.85 ते 0.90 च्या दरम्यान मिळते, कारण सिलिंडरमधली सगळी हवा वापरली जावी म्हणून पेट्रोल थोडं जास्तच द्यावं लागतं. तिथे धुरातला कार्बन मोनॉक्साइड तीन-चार टक्के किंवा त्याच्याही वर जातो. लॅम्ब्डा 1 वर तोच अर्ध्या-पाऊण टक्क्यावर उतरतो. आणखी लीन करून 1.05 पर्यंत गेलं तर पेट्रोल वाचतं, पण नायट्रोजनचे ऑक्साइड तिथेच सर्वांत जास्त होतात. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिघांना एकाच वेळी मारणारा तुझा कन्व्हर्टर फक्त 1 च्या अगदी लगतच्या चिंचोळ्या पट्ट्यात काम करतो. आता मुद्द्याचा हिशोब कर. फुल थ्रॉटलला 0.88 वरून 1 वर आलं तर ताकद चार-पाच टक्क्यांनी घटते. पद्मिनीच्या 40 च्या आसपास अश्वशक्तीत ती दोनेक अश्वशक्ती झाली. झगडा काय तो एवढाच, आणि तोही पाय तळाला टेकलेला असतानाच.

चांदणी चौकातून भूगाव, भुकूम करत पौडपर्यंत येताना गाडी पन्नास-साठच्या वेगात असते, तेव्हा इंजिनकडे मागणी असते ती त्याच्या ताकदीच्या साधारण पाव हिश्शाची. थ्रॉटल अर्धवट बंद असताना मिश्रण रिच करून काहीच हाती लागत नाही. जास्त ओढ हवी असेल तर पाय थोडा आणखी दाबायचा असतो, हवा तिथूनच येते. रिचमुळे प्लग काळे पडतात, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली क्रँककेसमध्ये उतरतं आणि रिंगा लवकर झिजतात. म्हणजे ताकदीच्या नावाखाली ठेवलेलं रिच मिश्रण काही हजार किलोमीटरांत ताकदच खातं. उतारावरची गोष्ट याहून बोलकी आहे. ताम्हिणीतून विळे-निजामपूरकडे उतरताना पाय पेडलवरून काढलेला आणि गाडी गिअरमध्ये असते. कार्बोरेटर तेव्हाही स्लोच्या वाटेने पेट्रोल ओढत राहतो. ते धड पेटत नाही आणि कच्चंच बाहेर पडतं. कन्व्हर्टर असेल तर ते त्याच्या पोटात जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळवू शकतं. इंजेक्शनमध्ये अशा वेळी इंजेक्टर पूर्ण बंद ठेवता येतात. हायड्रोकार्बन नाही, खर्च नाही, इंजिन ब्रेक पूर्ण मिळतो. इथे कशाचा त्याग करून काय मिळवायचं, हा प्रश्नच उद्भवत नाही.

मग लोकांच्या बदल केलेल्या गाड्या धूर का ओकतात? माझ्या मते याचं मोठं कारण इंजेक्टरच्या निवडीत आहे, आणि तुझ्या यादीतली मला सर्वांत खटकलेली वस्तूही तीच : मिनिटाला 350 सीसी सोडणारे इंजेक्टर. तुझं इंजिन सगळं जमून आलं तर 50 अश्वशक्ती देईल असं धरू. त्याला फुल लोडवर ताशी साधारण 12 किलो पेट्रोल लागेल, म्हणजे इंजेक्टरमागे 3 किलो, मिनिटाला 65 ते 70 सीसी. इथेनॉलमुळे थोडं वाढव, इंजेक्टर 80 टक्क्यांहून जास्त वेळ उघडा राहू नये म्हणून आणखी वाढव, तरी 100 ते 120 सीसीचा इंजेक्टर पुरतो. आता दुसरं टोक बघ. स्लोला, 800 आरपीएमवर, ताशी पाऊण लिटर पेट्रोल लागतं असं मान. दर मिनिटाला प्रत्येक सिलिंडरला 400 वेळा पेट्रोल द्यायचं. 120 सीसीचा इंजेक्टर दर वेळी जवळजवळ 4 मिलिसेकंद फवारेल; 350 सीसीचा जेमतेम 1.3. इंजेक्टरची सुई उठायलाच सुमारे एक मिलिसेकंद जातो आणि तो वेळ बॅटरीच्या व्होल्टेजप्रमाणे बदलतो. हेडलाइट लावला, व्होल्टेज जरा उतरलं, की 1.3 मधला काही भाग गेलाच. स्लो डळमळतो, गाडी मिस मारते, आणि मग ती बंद पडू नये म्हणून मेकॅनिक मिश्रण रिच करून ठेवतो. पीयूसीला गाडी नापास होते ती इथे. कधीच न लागणाऱ्या ताकदीसाठी घेतलेला इंजेक्टर रोज लागणाऱ्या जागी धूर करतो. ते चारही इंजेक्टर बदल, बाकीचं नंतर.

याच संदर्भात एक धोका सांगतो, कारण सॉफ्टवेअरमधलं ऑटो-ट्यून तू चालू ठेवणार आहेस. लॅम्ब्डा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, धुरातला ऑक्सिजन मोजतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकली तर तिथली हवा न वापरताच बाहेर येते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो लीन सांगतो आणि ऑटो-ट्यून पेट्रोल वाढवत सुटतं. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट एअर घेत असेल तरी हेच घडतं. नाकाला कच्च्या पेट्रोलचा वास येतोय आणि पडद्यावर मात्र लीन दिसतंय, असं झालं तर पडद्यावर विश्वास ठेवू नकोस. आधी प्लग, वायर आणि गॅस्केट बघ.

तू म्हणशील, एवढा खटाटोप कशाला, चांगल्या हाताने जेट बसवलेला कार्बोरेटर हेच काम करत होता. एका जागी, एका हवेत आणि एका पेट्रोलवर करत होता, हे मान्य. पण आता या तिन्ही गोष्टी बदलल्या आहेत. मुळशीचं पठार समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास आहे. इथली हवा सुमारे 6 टक्के विरळ, त्यामुळे खालच्या हवेसाठी बसवलेला जेट इथे साधारण 3 टक्के रिच पडतो. दुसरीकडे, पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला स्वतःला 9 पटच हवा लागते, म्हणून या मिश्रणाला 14.7 ऐवजी 13.5 च्या जवळपास पुरते, आणि जुना जेट त्यावर सात-आठ टक्के लीन होतो. वर असताना या दोन चुका एकमेकींना थोडं सांभाळून घेतात. तीच गाडी दुपारपर्यंत माणगावला उतरली की हवेचं रिच संपतं, इथेनॉलचं लीन उरतं, आणि चढावर इंजिन तापून नॉकिंग करू लागतं. प्रेशर सेन्सर हवेचा फरक टिपतो. इथेनॉलचा फरक त्याला कळत नाही, तो फक्त लॅम्ब्डावरून कळतो. म्हणून साध्या चालीत ईसीयू सतत लॅम्ब्डा पाहूनच चालला पाहिजे. स्थिर नकाशा कितीही सुंदर असला तरी पंप बदलला की तो चुकतो. याच इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्याही बदलाव्या लागतील. जुना पंप किरकोळ दाबाने पेट्रोल ढकलायचा, आता नळीत 3 बार असणार आहेत आणि खाली तापलेला एक्झॉस्ट आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो : पीयूसीत पास होतोय ना, मग बाकी कोण बघतंय? भारत स्टेज 2 च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला तिथे स्लोवर 3 टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि 1500 पीपीएम हायड्रोकार्बन चालतं. स्टेज 4 च्या गाडीला 0.3 टक्के आणि 200 पीपीएम, शिवाय 2500 आरपीएमवर लॅम्ब्डा 0.97 ते 1.03 मध्ये हवा. जुन्या गाडीची परीक्षा उभ्या जागी होते, भार शून्य असतो, नायट्रोजनच्या ऑक्साइडचं तर नावही नाही. रस्त्यावर धूर किती निघतो, हे ती सांगतच नाही. ते कळतं रोलरवर गाडी चालवून किलोमीटरमागे ग्रॅम मोजल्यावर. कोथरूडला एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या टेकडीवर नव्या गाड्यांचं तेच होतं. 1991 च्या पहिल्या नियमांत पेट्रोल गाडीला किलोमीटरला 14.3 ते 27.1 ग्रॅम कार्बन मोनॉक्साइडची मुभा होती. 2020 पासून ती 1 ग्रॅम आहे. हे अंतर इंजेक्शन, लॅम्ब्डा सेन्सर आणि कन्व्हर्टर यांच्या जोडीने कापलं गेलं, आणि आज हे तिन्ही तुझ्या गाडीत आहेत. परीक्षेपुरता वेगळा नकाशा ठेवणं म्हणजे 2015 मध्ये फोक्सवॅगन ज्यात पकडली गेली तेच, फक्त बटण हाताने दाबायचं. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या. उरलेल्या थोड्या पद्मिनींनी पुण्याची हवा बिघडणार नाही, हे मला पटतं. पण पिरंगुटच्या चढावर तुझ्या मागे दुचाकीवर लेकराला घेऊन जो असेल, त्याच्या नाकाशी सरासरी जात नाही, तुझ्या सायलेन्सरचाच धूर जातो.

इंजेक्शनने गाडीचा आत्मा जातो, असं तुझे क्लबातले मित्र म्हणतात. मला त्यांच्या भावनेचा आदर आहे, पण इतिहास त्यांच्या बाजूने नाही. बॉशचं डी-जेट्रॉनिक, मॅनिफोल्डचा दाब मोजून पेट्रोल देणारं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन, फोक्सवॅगन 1600 मध्ये 1967 साली आलं, कॅलिफोर्नियाच्या धुराच्या नियमांमुळे. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या फियाटला पद्मिनी हे नाव मिळालं 1974 मध्ये. लॅम्ब्डा सेन्सर आणि तिहेरी कन्व्हर्टर व्होल्व्होने 1976 मध्ये रस्त्यावर आणले. तू जे बसवतो आहेस ते तुझ्या गाडीच्याच पिढीचं आहे. कायद्याची बाजू मात्र नाजूक आहे आणि ती झाकू नकोस. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचलं. शिवाय 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर ती मूळ रूपात असावी लागते. तेव्हा आरटीओत लेखी विचार. पत्र्याला एकही भोक पाडू नकोस, आणि कार्बोरेटर, मॅनिफोल्ड, जुना पंप तेल लावून खोक्यात ठेव, म्हणजे गरज पडली तर दोन दिवसांत गाडी पूर्ववत होईल.

कामाचा क्रम असा ठेव. आधी कॉम्प्रेशन, टॅपेट आणि एक्झॉस्टची गळती. मग लहान इंजेक्टर. मग स्लो आणि साधी चाल लॅम्ब्डा 1 वर, उतारावर इंजेक्टर बंद. थंड इंजिनचं जादा पेट्रोल पाण्याच्या तापमानाप्रमाणे जमेल तितक्या लवकर उतरव, कारण कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांवर गेल्याशिवाय जागा होत नाही. फुल थ्रॉटलची घरं सगळ्यांत शेवटी, 0.88 वर, आणि ठिणगी एकेक अंशाने पुढे घेत. हे शेवटचं काम रोलरवर कर, ताम्हिणीत नको. पावसाळ्यात त्या रस्त्यावर धबधबे बघायला थांबलेली माणसं असतात. लॉगची फाइल पाठव, 1500 ते 3000 आरपीएममधली घरं आपण आधी बघू.

तुझा,
श्रीकांत