तालविवारासाहेबांचं वजन

पूर्व फिनलंडच्या काइनू प्रांतात, सोत्कामोच्या हद्दीत यांचा मुक्काम. पत्ता शोधावा लागत नाही. चहूकडे जंगल आणि तळी, आणि मधोमध काळेकुट्ट, ऐसपैस पसरलेले हे. नाव तालविवारा, धंदा निकेलचा. कागदोपत्री आता नाव बदललंय, पण जुन्या ओळखीचे लोक जुन्याच नावाने हाक मारतात.

पहिल्याच भेटीत ते तुम्हाला स्वतःचं वजन सांगतील. न विचारता. 2008 साली म्हणायचे, शंभर कोटी टन. 2010 मध्ये म्हणाले, एकशेपंचावन्न कोटी. दोन वर्षांत दीडपट! डोंगर काही वाढला नव्हता, तपासणीची भोकं वाढली होती. खाणवाल्यांच्या हिशेबात खनिज तीन प्रकारचं: खात्रीचं, बऱ्यापैकी खात्रीचं आणि ‘असावं बहुतेक’. भोकं जवळजवळ पाडली की खालच्या रांगेतलं वरच्या रांगेत जातं, आणि कडेला नवी भोकं पाडली की खालची रांग पुन्हा भरते. शिवाय किती गरीब दगडापर्यंत खनिज म्हणायचं ही रेघ आपणच मारायची. रेघ खाली ओढा, वजन वर जातं.

साहजिकच शंकेखोर जमले. एवढं वजन खरं कशावरून? आमचं मत विचाराल तर वजन खरंच होतं. साहेब बढाईखोर आहेत, खोटारडे नाहीत. पण त्या वजनात निकेल किती, तर शेकडा 0.22. एक टन दगड फोडा, दळा, वाहून न्या. त्यातलं सगळं निकेल हाती आलं तरी सव्वादोन किलोच्या आतच. तरुण शेअरदलालांना एकशेपंचावन्न कोटी ऐकू जायचे, 0.22 ऐकू जायचं नाही.

जाणकार घराणी यांच्या नादी लागली नव्हती. फिनलंडच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने 1977 मध्ये यांना शोधून काढलं. मग ओउतोकुम्पू या तिथल्या मातब्बर धातू कंपनीने यांना वर्षानुवर्षं नुसतं सांभाळलं. अडचण यांच्या अंगातल्या ग्रॅफाइटची. दगड दळून, पाण्यात घुसळून, फेसाबरोबर धातूचे कण वर काढायची नेहमीची रीत असते. इथे ग्रॅफाइटच आधी तरंगून वर येतं आणि सगळा काळा राडा होतो. शेवटी ओउतोकुम्पूने आपल्याच एका जुन्या इंजिनिअरला, पेक्का पेरा यांना, हे प्रकरण देऊन टाकलं. किंमत, एक युरो. वजनाचा एवढा अभिमान बाळगणाऱ्याला हा आकडा कुणी सांगू नये.

पेरांनी यांच्यासाठी वेगळीच पाककृती काढली. दगड आठ मिलिमीटरपर्यंत बारीक करायचा, आम्ल लावून त्याच्या गोळ्या बांधायच्या, आठ मीटर उंचीचे ढीग रचायचे. खालून पंख्यांनी हवा, वरून आम्लाच्या पाण्याची धार. बाकीचं काम जिवाणूंचं. हे जिवाणू बाहेरचे नव्हेत, यांच्याच घरचे. त्याच मातीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले. ते गंधकाची संयुगं कुरतडतात आणि निकेल पाण्यात उतरतं. दीड वर्ष असं लोणच्यासारखं मुरू द्यायचं, मग ढीग उकरून दुसऱ्या जागी पुन्हा रचायचा आणि आणखी मुरवायचा.

आणि गंमत म्हणजे हे जमतं! लोक हसले होते, की हिवाळ्यात उणे तीसच्या खाली पारा जातो तिथे कसले जिवाणू आणि कसलं काय. पण साहेबांचा स्वभाव मूळचाच तापट. यांच्यातलं गंधक आणि लोखंडाचं खनिज हवा लागली की स्वतःच तापतं. 2005 मध्ये सतरा हजार टनांचा एक चाचणी ढीग रचला. बाहेर बर्फ, आत ऊब, वर वाफा. निकेलही छान उतरलं. त्या एका ढिगाच्या भरवशावर 2007 मध्ये साहेब लंडनच्या शेअर बाजारात गेले आणि पुढे वर्षाला पन्नास हजार टन निकेलचं वचन देऊन बसले.

इथे शंकेखोरांचं चुकलं. ते वजनावर अडून राहिले, पचनाबद्दल कुणी खोदून विचारलं नाही. सतरा हजार टनांचा ढीग ही मेजवानीआधीची चव. खरे ढीग बाराशे मीटर लांब, चारशे मीटर रुंद. एवढ्या पसाऱ्यात कुठे दगड बसून घट्ट होतो, कुठे हवाच पोचत नाही, कुठे पाणी एकाच वाटेने निघून जातं. 2011 हे पेरांच्या कारकिर्दीतलं सर्वांत चांगलं वर्ष: सोळा हजार टन. 2013 मध्ये नऊ हजारसुद्धा नाहीत.

पण यांचं खरं दुखणं पाणी. उघड्यावर अंथरलेले ढीग, त्यावर पडणारा पाऊस आणि वितळणारं बर्फ. सगळं आत, बाहेर जायला परवानगीपुरती चिंचोळी वाट. आधीच्या हिशेबात पाणी फिरतं राहील, कमीसुद्धा पडेल, असं धरलेलं. 2012 चं वर्ष पावसाचं निघालं. पातळ झालेल्या द्रावणातून निकेल काढणं महाग, म्हणून साहेबांनी पाणी मिळेल तिथे कोंबलं. खाणीच्या खड्ड्यात सुद्धा. मग खोदकामच बंद. उरलेलं जिप्समच्या तलावात. तो तलाव प्रक्रियेतला गाळ ठेवायला बांधलेला, आणि त्यावर हे पाण्याचं ओझं. 4 नोव्हेंबरला तलावाचा तळ फुटला. लाखो घनमीटर आम्लयुक्त पाणी निघालं, गळती थांबवायला दहाएक दिवस लागले. बरंचसं कुंपणाच्या आत अडवलं, उरलेलं निकेल आणि युरेनियम घेऊन ओढ्यांत गेलं. पुढच्या एप्रिलमध्ये तोच तलाव पुन्हा गळला.

हो, युरेनियम. ही गोष्ट साहेब चारचौघांत काढत नसत. सुरुवातीच्या पर्यावरण परवान्याच्या अर्जात तिचा उल्लेख नव्हता. दगडात असतं ते टनामागे वीस ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे अगदी नगण्य. पण ढीग मुरताना निकेलबरोबर तेही पाण्यात उतरतं. 2010 मध्ये एकदम जाहीर केलं, की आता युरेनियमही विकणार. शेजाऱ्यांनी पहिल्यांदा ऐकलं ते हे असं.

शेजाऱ्यांची तशीही तक्रार होतीच. धातू द्रावणातून खाली बसवायला हायड्रोजन सल्फाइड लागतो, कुजक्या अंड्यांच्या वासाचा. वारा फिरला की गावाला कळायचं. आणि हा वास नुसता नाक मुरडण्यापुरता नव्हे. मार्च 2012 मध्ये त्या वायूने खाणीतल्या एका कामगाराचा जीव घेतला. जवळची छोटी तळीही बिघडली: सल्फेट आणि सोडियम परवान्यात धरल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त गेलं, आणि किवीयार्वी तळ्याच्या तळाशी खारं पाणी जड होऊन बसलं, वरच्यात मिसळेना.

नोव्हेंबर 2014 मध्ये दिवाळं निघालं. पण यांना बुडवणंही परवडत नाही, हे सरकारच्या लक्षात आलं. हजारो माणसांचं पोट यांच्यावर, आणि खाण बंद केली म्हणून तापलेले ढीग गार होत नाहीत, पाणी थांबत नाही. 2015 मध्ये सरकारी टेराफेम कंपनीने यांना घरात घेतलं. पुढे ट्राफिगुरासारखे व्यापारी पैसे घेऊन आले. पाण्याची शुद्धीकरण यंत्रणा वाढवली, ढिगांची रचना सुधारली. जिवाणू तेच, दगड तोच, पाककृती तीच. आणि 2019 मध्ये निकेल सत्तावीस हजार टनांवर गेलं. पन्नास नव्हे, पण यांना शोभेल असं. आता 2021 पासून बॅटरीसाठी लागणारं निकेल सल्फेट करणारा कारखाना आहे, म्हणून साहेब विजेच्या गाड्यांच्या गोष्टी सांगतात. 2024 पासून युरेनियमही रीतसर, परवान्यानिशी काढतात.

वजन मात्र अजूनही सांगतात. आणि भूकही तशीच आहे. सध्याच्या खड्ड्याशेजारी कोल्मिसोप्पीचा साठा आहे. त्यातला काही भाग त्याच नावाच्या तळ्याखाली जातो. तिथे खोदायचं तर बांध घालून तळ्याचा एक भाग कोरडा करावा लागेल. पाण्याशी एवढं सगळं झाल्यावर साहेबांनी तशी योजना आखून ठेवली आहे.