परक्याच्या छातीवर ठेवलेले हात

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या डोंगरउतारांवर वणवे भडकले, तेव्हा ते विझवायला गेलेल्यांत हजाराच्या आसपास कैदी होते. अंगात नारिंगी पोशाख, हातात करवत नाहीतर कुदळ. झाडझाडोरा तोडून, माती उघडी करत जाळरेषा काढायची, आगीला पुढे सरकायला काही ठेवायचे नाही, हे त्यांचे मुख्य काम. कॅलिफोर्नियात कैद्यांची ही शिबिरे १९४०च्या दशकापासून चालत आली आहेत. त्या आठवड्यात लोकांनी त्यांचे भरभरून कौतुक केले. मला मात्र एक नियम सारखा आठवत राहिला.

तिथे अग्निशमन दलात नोकरी हवी असेल, तर बहुतेक ठिकाणी आधी ईएमटीचे, म्हणजे रुग्णवाहिकेवर तातडीचे उपचार करण्याचे प्रमाणपत्र लागते. आणि राज्याचा नियम असा की, गंभीर गुन्ह्यात एकदा शिक्षा झालेली असेल तर सुटकेनंतर दहा वर्षे ते मिळत नाही. दोनदा झाली असेल तर कधीच नाही. तुरुंगात असताना ज्याच्या हाती सरकारने करवत दिली, तो सुटून आल्यावर त्याच्या हाती मलमपट्टी द्यायला तेच सरकार तयार नव्हते. २०२० साली कायदा झाला. शिबिरात नीट काम केलेल्यांना आता न्यायालयाकडे अर्ज करून दोषसिद्धी पुसून घेता येते. खून, बलात्कार, अपहरण अशा गुन्ह्यांना ही सवलत नाही. पाऊल चांगले आहे, पण उशिरा पडलेले आणि तोकडे आहे.

नियमामागची भीती मात्र खोटी नाही. माझ्या आईला मध्यरात्री रुग्णवाहिकेतून न्यावे लागले, तेव्हा तिच्या हाताला सूज चढत होती. सोबत आलेल्या मुलाने तिच्या मनगटाला जेल चोळली आणि ‘मावशी, हात सैल सोडा’ म्हणत एकेक पाटली अलगद सरकवून काढली. चारही पाटल्या माझ्या ओंजळीत ठेवून म्हणाला, ‘ताई, मोजून घ्या.’ मी मोजल्या. घराचे दार सताड उघडे, कपाट उघडे, आई अर्धवट शुद्धीत, आणि आमच्यात वावरणारा तो पूर्ण परका. आजारी माणसाइतके उघडे कुणीच नसते. कॅलिफोर्नियातल्या कितीतरी रुग्णवाहिकांत मॉर्फिनसारखी औषधेही असतात. त्यामुळे पडताळणी हवीच, असे कुणी म्हटले तर मी त्याच्याच बाजूने उभी राहीन.

पण पडताळणी करणे वेगळे आणि अर्जात ‘शिक्षा झाली आहे का’ यापुढच्या एका ‘होय’वर डोळे मिटून फुली मारणे वेगळे. एकोणिसाव्या वर्षी मारामारीत सापडून आता पंचविशीला आलेला माणूस, आणि गेल्याच वर्षी अंथरुणावरच्या म्हातारीला लुबाडणारा, हे दोघे एका रांगेत कसे बसतात? नियम त्यांना बसवतो, कारण त्याला चौकशीचे कष्ट नको असतात.

आणि हे सारे मला विशेष टोचते ते पिट्सबर्गमुळे. १९६०च्या दशकात त्या शहरात रुग्णाला दवाखान्यात नेत ते बहुतेकदा पोलिसांच्या गाडीतून; उपचार वाटेत फारसे होतच नसत. माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स १९६६ साली कोसळले, तेही असेच नेले गेले आणि वाचले नाहीत. त्याच वर्षी, सीपीआर जगाला शिकवणाऱ्या डॉ. पीटर सफार यांची लहान मुलगी दम्याने गेली. पुढच्या वर्षी हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या गरीब वस्तीत ‘फ्रीडम हाउस’ रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. सफार यांनी शिकवायला घेतलेली माणसे त्याच वस्तीतली. कुणी शाळा सोडलेला, कुणी व्हिएतनामहून परतलेला, काहींच्या नावावर गुन्हे. जगाने ‘याला कोण कामाला ठेवणार’ म्हणून सोडून दिलेली.

त्यांना सुमारे तीनशे तास शिकवले. त्यातला एक धडा सीपीआरचा. मनगटालगतचा तळवा छातीच्या मधल्या हाडावर टेकवायचा, कोपर ताठ ठेवायचे आणि सगळ्या अंगाचा भार देत दाबत राहायचे. कधी बरगडी मोडल्याचे हाताला कळते, तरी थांबायचे नाही. ज्याने कधीकाळी कुणावर हात उगारला, त्यानेच हे शिकावे, यात मला काही विपरीत वाटत नाही. शरीर किती सहज मोडते, हे त्याला आपल्याहून जास्त ठाऊक असते.

१९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउस बंद पडले. त्यांच्यातल्या अनेकांना बाजूला सारले गेले. त्यांच्या वैद्यकीय संचालक डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी त्यांच्यासोबत रस्त्यावर काम करता करता जो अभ्यासक्रम घडवला, तो मात्र अमेरिकेतल्या पॅरामेडिक प्रशिक्षणाचा पाया ठरला. ज्या वर्गाचे धडे या माणसांच्या हातून तावूनसुलाखून निघाले, त्याच वर्गाच्या दारात आज त्यांच्यासारख्यांना अडवले जाते. ही कृतघ्नता आहे, दुसरा शब्द मला सुचत नाही.

कैद्यांवर विश्वास टाकणे आपल्यालाही नवे नाही. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. तिथे कैदी कुलपाशिवाय, बायकामुलांसह राहून शेती करू लागले. ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्यातूनच आला. शेतीत विश्वास चुकला तर कैदी पळून जाईल, रुग्णवाहिकेत चुकला तर फटका रुग्णाला बसेल, हा फरक मला मान्य आहे. म्हणून डोळे झाकून भरती करा, असे मी म्हणत नाही. पण कॅलिफोर्नियाचा २०२० चा तो कायदा आग विझवायला गेलेल्यांपुरताच आहे. शिबिरासाठी निवड न झालेल्या, तरी सुटल्यावर हेच काम करू पाहणाऱ्या माणसाने काय करायचे? त्याला समोर बसवून विचारावे: गुन्हा कोणता होता, किती वर्षे झाली, मधल्या काळात काय केले, तुमच्याबद्दल कोण बोलेल. विचारणाऱ्यांत वर्षानुवर्षे रुग्णवाहिकेवर काढलेला एखादा जुना माणूस असावा. पटले तर सुरुवातीला अनुभवी जोडीदाराच्या हाताखाली ठेवावे. औषधांच्या पेटीची किल्ली काही काळ त्या जोडीदाराकडे राहिली, तरी शिकणाऱ्याचे काही अडणार नाही.