नक्कल करण्याचा हक्क

‘नक्कल’ या शब्दाला आपल्या भाषेत फारशी प्रतिष्ठा नाही. विद्यार्थ्याने केली तर ती लबाडी, नटाने केली तर थट्टा आणि लेखकाने केली तर वाङ्मयचौर्य! छापखाने नव्हते त्या काळी मात्र नक्कल हे पुण्यकर्म होते. समर्थांनी दासबोधाच्या 19व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. पोथी उतरवून घेणाऱ्यास तेव्हा कोणी चोर म्हणत नसे.

संगणक मध्यमवर्गीयांच्या घरी आला तेव्हा हे पुण्यकर्म पुन्हा सुरू झाले, पण चोरपावलांनी. यंत्राचा सारा कारभार पाहणारी जी कार्यप्रणाली, तिची तबकडी कोणाकडून तरी मागून आणावयाची आणि मुकाट्याने यंत्रावर चढवावयाची, असा पुष्कळ घरांचा रिवाज होता. मुलांना सचोटीचे धडे देणारी माणसेही यास शेजारधर्मच समजत. कायदा पाळावा तर शेजाऱ्यास नाही म्हणावे लागे, आणि शेजार पाळावा तर कायदा मोडे.

या पेचातून वाट काढली ती रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने. 1983 साली त्याने ‘ग्नू’ नावाचा उपक्रम जाहीर केला आणि पुढे 1989 साली एक परवाना सिद्ध केला. त्याने स्वामित्वहक्काचा कायदा झुगारला नाही. त्याच कायद्याच्या आधाराने त्याने लिहून दिले की, ही आज्ञावली वापरा, अभ्यासा, बदला, तिच्या नकला वाटा. मात्र तुमच्याकडून घेणाऱ्यालाही हेच हक्क आणि मूळ लेखन मिळाले पाहिजे. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली रचलेला ‘लिनक्स’ हा गाभा पुढच्याच वर्षी या परवान्याखाली आला.

‘उबुंटू’ ही त्याच कुळातली एक प्रणाली. 2005 ते 2011 या काळात तिच्या तबकड्या मागेल त्यास टपालाने फुकट मिळत, आणि नकला करून मित्रांना देण्याचा तुम्हांस कायदेशीर हक्क आहे, असे वेष्टनावर छापलेले असे. मी तशी एक नक्कल आमच्या शेजारच्या निवृत्त मास्तरांना दिली. “किती द्यायचे?” त्यांनी विचारले. “काही नाही,” मी म्हणालो. “मग चोरीची दिसते!” मी वेष्टन पुढे केले. चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचले आणि हळूच विचारले, “म्हणजे मी भाच्याला दिली तरी चालेल?” चालेल म्हणताच त्यांची मुद्रा अशी उजळली की, जणू आपणच काही दान करून आलो आहोत!

फुकटपणात या व्यवहाराचे मर्म नाही. नकलेबद्दल पैसे घेण्यास हा परवाना मना करीत नाही. पुढच्याचा हक्क अडविण्यास करतो. आता तबकड्या मागे पडल्या. नव्या यंत्रांत बहुधा त्यांना जागाही नसते. प्रणाली आंतरजालावरून उतरवून पेन ड्राइव्हवर देतात. हक्क मात्र तोच आहे. एरवी दान घेणारा ओशाळतो. येथे त्याला वस्तूबरोबर दातृत्वही मिळते, आणि म्हणूनच मास्तरांना मान खाली घालावी लागली नाही.