१ जुलै १८६५ : एका तारखेवर टांगलेले शहर

वायदा म्हणजे किंमत आज ठरवायची आणि माल व पैसा पुढच्या ठरलेल्या दिवशी द्यायचा. मुंबईकरांना हा व्यवहार १८६० च्या दशकात चांगलाच परिचित होता. त्यातला एक दिवस मात्र असा उगवला की अर्धे शहर त्याच्याकडे शत्रूकडे पाहावे तसे पाहत होते.

आरंभ कापसाचा. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा सुमारे चार पंचमांश भाग तिथून येत असे. तो आटल्यावर लँकेशायरची नजर मुंबई बंदराकडे वळली. युद्धाच्या चार वर्षांत शहरात नेहमीपेक्षा सत्तर-ऐंशी कोटी रुपये जास्त आले, असा अंदाज केला जातो.

एवढ्या पैशाला शहरात जागाच नव्हती! मग नव्या बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या, समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशनचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० पर्यंत चढला. जमीन अजून पाण्याखालीच होती. गो. ना. माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे. त्यामुळे भरतीच्या काळातले शहर त्यात आहे, ओहोटी नाही.

वायदा मुळात वाईट नव्हे, हे इथेच सांगितले पाहिजे. कापूस लिव्हरपूलला पोहोचेपर्यंत भाव कोसळला तर काय, या धास्तीवर व्यापाऱ्याला आगाऊ विक्रीचा आधार मिळे. जोखमीला घातलेले हे कुंपण, म्हणजेच हेजिंग. शेअरच्या सौद्यांत मात्र राखायला शेतच नव्हते. घेणाऱ्याला शेअर नको होता आणि देणाऱ्याजवळ तो नव्हता. दोघांचे लक्ष मुदतीच्या दिवशी हाती पडणाऱ्या फरकावर.

समजा, एकाने ४०,००० ला शेअर घेण्याचे कबूल केले. मुदतीला भाव ६०,००० झाला तर २०,००० खिशात. भाव २,००० झाला तर ३८,००० द्यायचे. आज त्यासाठी आगाऊ अनामत भरावी लागते आणि रोजच्या भावाने हिशेब होतो. मध्ये क्लिअरिंग हाऊस उभे असते. तेव्हा असे काहीच नव्हते. कारकुनापासून सावकारापर्यंत कोणीही शब्दावर सौदा करू शके आणि तोच सौदा लगोलग तिसऱ्याच्या गळ्यात घालू शके. अशा साखळ्या पेढ्यापेढ्यांतून गेल्या होत्या, आणि त्यांतल्या फार मोठ्या भागाची मुदत एकच होती : १ जुलै १८६५.

९ एप्रिलला जनरल ली शरण आला. ती बातमी मुंबईत पोहोचताच कापूस गडगडला आणि पाठोपाठ शेअर. मे महिन्यात एक मोठी पेढी बसली. तरी तारीख हलेना. सौदा तोच, त्यातला आकडा तोच. देणारा मात्र दिवसेंदिवस रिकामा होत चालला होता. १ जुलैला साखळीतली एक कडी तुटली की मागची प्रत्येक कडी तुटे. बॅक बेचा शेअर अखेर २,००० च्याही खाली गेला. २,८५० वर पोहोचलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ ला विकला गेला.

या बँकेचा अपराध सर्वांत मोठा म्हणावा लागेल. तिच्यात सरकारचे भांडवल होते आणि तिने सट्टेवाल्यांना कच्च्या तारणावर कर्जे दिली. १८६८ मध्ये ती गुंडाळली गेली आणि चौकशी आयोग बसला. प्रेमचंद रायचंद यांच्यावर सगळा राग काढण्याची रीत आहे. पण तिजोरीच्या किल्ल्या इतरांच्याही हाती होत्या. त्यांनी तेजीत दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या आईचे नाव धारण करणारा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला, तोवर त्यांची तेजी केव्हाच ओसरली होती.

१९९८ मध्ये एलटीसीएम हा अमेरिकी हेज फंड बुडू लागला, तेव्हा चौदा वित्तसंस्थांनी ३.६ अब्ज डॉलर ओतून त्याला सावरले. १८६५ च्या मुंबईत सावरणारेच कर्जबाजारी होते. दिवाळखोरांच्या गर्दीसाठी त्याच वर्षी वेगळा कायदा करावा लागला.

१८६४ च्या गणनेत शहराची वस्ती ८,१६,५६२ होती, १८७२ मध्ये ६,४४,४०५. सगळी घट एकट्या सट्ट्याच्या खात्यावर टाकता येणार नाही. पण तेजीने ओढून आणलेली माणसे मंदीत परत फिरली. दलालांनी आपली संघटना बांधली ती १८७५ मध्ये, त्या तारखेनंतर दहा वर्षांनी.