इंजिनावरचं नाव

इंजिन अंगणात आणलं. फळ्यांचा घोडा करून त्यावर टांगलं. हातात पॉलिश पेपर घेतला तशी आय दारातनं ओरडली, ‘‘नाव खरवडू नको!’’

नाव आमचं नव्हतं. शेटचं होतं. वरच्या झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं, उन्हानं पिवळं पडलेलं. इंजिन मात्र आमचं. १९८९ सालापासून आमचं. म्हणजे तेहतीस वर्षं आमच्या इंजिनावर दुसऱ्याचं नाव, आणि ते पुसायला आय नको म्हणते. ती का नको म्हणते ते सांगायचं तर मागं जावं लागेल.

आमचं गाव सावित्रीच्या खाडीवर, दासगावच्या खालच्या अंगाला. बौद्धवाडी गावाच्या टोकाला, अगदी काठाला. भरतीचं पाणी पहिलं आमच्याकडं येतं. नळाचं शेवटी आलं. बाप शेटच्या होडीवर खलाशी. होडीच्या मागं लावायचं आठ हॉर्सपॉवरचं इंजिन, पेट्रोलात ऑईल मिसळून चालणारं. वजन पंचवीस-तीस किलो. रात्री होडीवर ठेवलं तर चोरीला जाईल, म्हणून रोज संध्याकाळी बापानं ते खांद्यावर घ्यायचं, चिखल तुडवायचा, चढ चढायचा आणि शेटच्या घरी पोचवायचं. सकाळी परत आणायचं. घरी म्हणजे घरात नव्हे. पडवीच्या पायरीपर्यंत. तिथनं शेटचा पोरगा आत न्यायचा. बापाला तहान लागली तर पाणी वरून, ओंजळीत. बापाच्या घामानं भिजलेलं इंजिन आत चालत होतं. बाप चालत नव्हता.

१९८९ साली शेटनं नवं, मोठं इंजिन घेतलं आणि जुनं बापाला दिलं. दिलं म्हणजे फुकट नाय. दोन वर्षं पगारातनं कापून घेतलं. कागद नाही, पावती नाही, सगळं तोंडी. मी तेव्हा मुंबईला एका कारखान्याच्या रंगखात्यात लागलो होतो. सुट्टीला आलो तर इंजिन आमच्या पडवीत, आणि वर शेटचं नाव तसंच. म्हटलं, ‘‘बाबा, आपलं ना हे? मी रंगारी माणूस. दोन तासांत नाव बदलून देतो.’’

बाप म्हणाला, ‘‘ऱ्हाऊ दे. नाव हाय तवर कोन इचारनार नाय.’’

बंदरावर महाराच्या खांद्यावर इंजिन दिसलं की पहिला सवाल, कुठनं आणलंस? वर शेटचं नाव असलं की शेटचा गडी. नाव पुसलं की चोर. मधे मालक नावाची जागाच नव्हती. मला तेव्हा राग आला, तो बापाचाच आला. भित्रा म्हटलं त्याला मनात. शहरात चार पैसे मिळायला लागले की माणूस बापालाच आधी शहाणपण शिकवतो. बाप २००३ साली गेला. इंजिन गोणपाटात गुंडाळून पडवीत पडलं. नाव गोणपाटाच्या आत जिवंत.

मग २२ जुलै २०२१ ची रात्र. महाड बुडालं ते सगळ्यांनी पेपरात वाचलं. आमच्यासारख्या वाड्या पेपरात येत नाहीत. मी रिटायर होऊन गावीच होतो. आयला पाठीवर घेऊन वरच्या अंगाला गेलो. माळ्यावर अडकलेल्यांना बाहेर काढायचं होतं. वाडीत एक होडी होती. इंजिनही होतं. पण अठरा वर्षं न फिरवलेलं इंजिन पुरात चालतंय होय? त्या ओढीत वल्ह्यानं होडी वर जाईना. पाणी आपोआप उतरलं म्हणून माणसं वाचली. त्यात आमची करामत काही नाही. घरी आलो तर इंजिन चिखलात आडवं. तेव्हाच ठरवलं, हे चालू करायचं. पुढच्या पुराला वाट बघत बसायचं नाही.

आतलं काम खाडीवरच्या एका कोळी मिस्त्रीनं केलं. पुरात बुडालेलं इंजिन कसं धुवायचं, प्लग काढून आत ऑईल कसं सोडायचं, अडकलेल्या रिंगा कशा सोडवायच्या, सगळं त्यानं केलं आणि मला शिकवलंही. मे २०२२ मध्ये इंजिन धडधडलं. राहिला रंग. तो माझा धंदा.

रंग म्हणजे ब्रश फिरवणं नव्हे. पहिल्यानं गोड्या पाण्यानं मीठ धुवायचं. मीठ आत राहिलं तर वर सोन्याचा रंग द्या, वर्षात फुगून निघेल. मग रॉकेलनं तेलकटपणा, मग थिनरचं फडकं. मग पॉलिश पेपर, आधी ऐंशी नंबर, मग एकशेऐंशी, मग तीनशेवीस. ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल गंजत नाही. त्याला रंगाखाली पांढरी पूड धरते. ती पूड खरवडून चकचकीत धातू लागला पाहिजे. जुन्या रंगात शिसं असायचं, म्हणून पेपर पाणी लावून घासायचा, धूळ उडवायची नाही. लोखंडाचा लाल प्रायमर इथं चालत नाही. कारखान्यात आम्ही ॲल्युमिनियमला झिंक क्रोमेटचा पिवळा प्रायमर मारायचो. ते विष आहे, त्यानं कॅन्सर होतो, हे फार उशिरा कळलं. आम्हाला तोंडाला बांधायला फडकंसुद्धा दिलं नव्हतं. रात्री रुमालात शिंकरलं की पिवळं. घरात नातवंडं आहेत. म्हणून इथं मी दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर आणला.

खाली पंख्याजवळ एक राखाडी तुकडा असतो, झिंकचा. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकाला लागून असले की त्यातला एक झिजतो. झिंक आधी झिजतं, म्हणून ॲल्युमिनियम टिकतं. त्याला रंग लावायचा नाही. लावला तर ते काम करत नाही. कारखान्यातल्या एका साहेबानं हे समजावताना माझ्याकडं बघून म्हटलं होतं, ‘‘तुमचा समाज असा बघ. झिजतो, म्हणून देश टिकतो.’’ त्यानं कौतुक केलं होतं. मी हसलो होतो. आता हसत नाही. झिंक अर्धं झिजलं की बदलायचं असतं, हे इंजिनाच्या पुस्तकात छापलेलं असतं. माझ्या आज्याला, पणज्याला कुणी बदललं? संपेपर्यंत झिजवले, आणि मग त्याच जागी त्यांची पोरं बसवली. असलं कौतुक आम्हाला नको. मी झिंकचा नवा तुकडा आणला, बसवला, कोरा ठेवला. त्याचं काम त्यानं करावं. आम्ही माणसं आहोत.

आता झाकण राहिलं. त्यावर शेटचं नाव.

आय उंबऱ्यावर बसून होती. म्हणाली, ‘‘कोनी इचारलं तर? पावती हाय का तुज्याजवळ?’’

ऐंशी वर्षांची बाई. शेट कधीच वारला. त्याचा पोरगा होडीचा धंदा सोडून शहरात गेला. तरी भीती वारली नाही. मी पेपर खाली ठेवला. तिच्याजवळ बसलो. म्हटलं, ‘‘आये, आजा बंदरावर गेला व्हता ती गोष्ट सांग.’’

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. डिसेंबर १९२७. महाडला सत्याग्रह. धरमतरच्या रस्त्यावरच्या मोटारवाल्यांनी सनातन्यांना कबूल केलं होतं, सत्याग्रहींना गाडीत घेणार नाही. म्हणून बाबासाहेब २४ तारखेला मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीनं निघाले. हरिहरेश्वरला उतरले. दुसऱ्या दिवशी ‘अंबा’ लाँचनं खाडीतनं दासगावला आले, आणि तिथनं सत्याग्रही चालत महाडला. त्याच रात्री मनुस्मृती जाळली. दासगावच्या बंदरावर वाट बघत उभ्या असलेल्या हजारोंत माझा आजा होता, पोरगेला.

आय सांगत होती, आणि सांगता सांगता स्वतःच थांबली. मग म्हणाली, ‘‘बाबासायबांनी कुनाची पावती दाखवली व्हती?’’

मी काही बोललो नाही. पेपर उचलला. नाव जायला दहा मिनिटं लागली. पांढऱ्याखाली तांबडा थर निघाला, त्याखाली करडा, त्याखाली धातू.

रंग कुठला, यावर वाडीत दोन मतं पडली. पोरं म्हणाली, निळा. शेजारचा म्हातारा म्हणाला, ‘‘करडा मार. निळा मारलास तर लांबनं कळंल कुनाचं हाय.’’ पोरं म्हणाली, कळू दे. मी निळाच मारला. दोन हात, मधे एक दिवस सुकू दिला. पाणी ओढायच्या जाळीत रंग जाऊ नये म्हणून कागद चिकटवला. मग पांढऱ्यानं नाव लिहिलं. बापाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आडनाव. गावात बापाला अर्ध्या नावानं हाक मारायचे, आणि त्याही अर्ध्याला ‘या’ लावून. पूर्ण नाव फक्त मतदार यादीत होतं. झाकणावर ते एका ओळीत मावेना. दोन ओळी केल्या. अक्षरं बारीक केली नाहीत.

पावसाआधी होडी घेऊन बंदरावर गेलो. एक गृहस्थ धक्क्यावर उभे होते, जुने, शेटच्या वेळचे. इंजिनाकडं बघत म्हणाले, ‘‘हे शेटचं ना रे?’’

म्हटलं, ‘‘वर लिहिलंय. वाचा.’’

त्यांनी वाचलं. डोळे बारीक करून, एक एक शब्द, मोठ्यानं वाचलं. ज्या बंदरावर बाप जन्मभर राबला, तिथं त्याचं पूर्ण नाव पहिल्यांदा कुणाच्या तोंडून आलं.

मग त्यांनी विचारलं, ‘‘घेतलं कधी?’’

‘‘एकोणनव्वद साली,’’ मी म्हटलं, आणि दोरी ओढली.