चुरगळलेला कागद

आमचें बल्लारपूर हें कागदाचें गांव. वर्धेच्या कांठीं गोंड राजांचा किल्ला आहे, रेल्वेचें मोठें स्टेशन आहे. पण परगांवीं आमची ओळख पटते ती कागदाच्या कारखान्यामुळें. बांबूंनीं भरलेल्या गाड्या जंगलांतून येतांना पाहत आम्ही लहानाचे मोठे झालों. असें असूनहि कोऱ्या कागदाची खरी किंमत आम्हांला कळली ती उतारवयांत, आणि तीहि एका परदेशी गाण्यामुळें.

गेल्या दिवाळींत घर भरलेलें होतें. दुपारीं फराळ आटोपल्यावर आमची पुतणी मोबाईल घेऊन आली आणि म्हणाली, "काका, एवढें एक गाणें पाहाच." इंग्रजी अक्षरें दिसतांच आमच्या कपाळाला आठी पडली. हें संगीत म्हणजे गोंगाट आणि सिंथेसायझर म्हणजे विजेवर चालणारी नक्कल, असें आमचें ठाम मत. थोरल्या वहिनी मात्र हंसून म्हणाल्या, "भावजी, तुमची पेटी तरी कुठली हो देशी?" त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. पेटी युरोपांतून आलेली. १९४० सालीं रेडिओनें तिला मज्जाव केला, तो १९७१ सालीं कुठें सैल झाला. आज पेटीवांचून आमच्या घरचें भजन अडतें. आम्ही निमूटपणें पाहूं लागलों.

गाणें होतें नॉर्वेच्या ‘आ-हा’ या तीन तरुणांच्या संचाचें, ‘टेक ऑन मी’. १९८४ सालीं तें प्रथम निघालें तेव्हां इंग्लंडांत त्याला कोणी विचारलें नाहीं. मंडळींनीं हार न मानतां तें पुन्हां ध्वनिमुद्रित केलें, त्याला नवें चित्र जोडलें, आणि १९८५ च्या ऑक्टोबरांत तें अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर पोचलें. सिंथेसायझरवरची आरंभींची धून एकदां ऐकली कीं कानांतून जात नाहीं, हें आम्हांलाहि कबूल करावें लागलें.

परंतु आम्हांला धरून ठेवलें तें चित्रानें. उपाहारगृहांत एक मुलगी चित्रकथा वाचीत बसलेली असते. पेन्सिलीनें काढलेला तरुण पानांतून हात पुढें करतो आणि तिला आंत बोलावतो. ती जाते. इकडे तेथील वाढणारी बाई, पोरगी पैसे न देतां पळाली असें समजून, तें पुस्तक चुरगळून टोपलींत फेकते. पुढें पाठलाग होतो; तरुण कागद फाडून मुलीला बाहेर काढतो आणि स्वतः आंतच राहतो. मुलगी तो चुरगळलेला कागद उचलून घरीं नेते आणि त्याच्या सुरकुत्या हातानें सारख्या करते.

"हें सारें यंत्रानेंच काढलें असेल," आम्ही म्हणालों. पुतणीनें मान हलविली. दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन यांनीं आधीं माणसांचें चित्रण केलें. मग मायकेल पॅटरसन व कँडेस रेकिंगर यांनीं त्यांतील एकेक चित्र कागदावर पेन्सिलीनें गिरविलें. सुमारें ३,००० चित्रें, आणि १६ आठवडे! आपल्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१५ सालीं ‘आगकाड्यांची मौज’ केली, ती काड्या किंचित् किंचित् सरकवून. जात तीच, पुष्कळसें हातांचें काम, आणि त्याहून अधिक धीराचें.

हें ऐकतां ऐकतां आमची दृष्टि भिंतीला टेकून बसलेल्या पुतण्याकडे गेली, आणि आम्ही वरमलों. बारा वर्षांचा असतांना तो वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यांत धांवणारा एक माणूस काढीत असे. अंगठ्यानें पानें सोडलीं कीं तो माणूस खरोखरच धांवे. गणिताच्या वहींत तें पाहून आम्ही संतापलों. "कागदाच्या गांवांत राहून कागदाची नासाडी!" असें म्हणून त्याच्या चार वह्या आम्हीं बंबांत घातल्या. तो दाराशीं उभा राहून पाहत होता. रडला नाहीं, पण त्यानंतर त्यानें कधीं पेन्सिल धरलेली आम्हांला आठवत नाहीं. आज तो नागपुरास बँकेंत चांगल्या हुद्द्यावर आहे, आणि त्याबद्दल आम्ही चारचौघांत अभिमानानें बोलत आलों आहों.

गाणें संपलें. तो कांहीं न बोलतां उठून गच्चीवर गेला.

परत निघण्याच्या दिवशीं आम्हीं बाजारांतून पांचशें कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा आणून त्याच्या हातीं दिला. "काका, एवढे कागद कशाला?" त्यानें विचारलें. "तुझ्या चार वह्यांचें देणें आहे आमच्याकडे," एवढेंच आम्ही बोलूं शकलों. त्यानें वांकून नमस्कार केला आणि गठ्ठा पिशवींत ठेवला. तो उघडला कीं नाहीं, हें आम्ही अजून विचारलेलें नाहीं. विचारण्याचा अधिकार आमचा नाहीं.

बंबांतल्या कागदाच्या सुरकुत्या कोणाला काढतां येत नाहींत. म्हणून वाचकहो, घरांतल्या मुलाची वही रद्दींत टाकण्यापूर्वीं एकदां तिचीं पानें अंगठ्यानें सोडून पाहा. कोपऱ्यांत कोणी धांवत असेल.